पथकाची शिस्त आणि मोठ्यांची जबाबदारी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळची बहुतेक पत्रे स्काउट-गाईड पथके चालवणाऱ्या स्वयंसेवकांची आहेत, काही पालकांची. नियम कुणी करायचे, मोडले तर कुणी बोलायचे आणि मोठ्यांना कुणी अडवायचे, असाच सगळ्यांचा रोख आहे. ओळख पटेल असे तपशील पत्रांतून गाळले आहेत.

आमच्या पथकात २६ मुले आणि ४ संघ आहेत. संघनायक नेमले आहेत, त्यांच्या खिशावर पट्ट्याही आहेत. पण रांग सरळ करण्यापलीकडे त्यांना काम नाही. काम सोपवले की गोंधळ होतो आणि शेवटी सगळे मलाच निस्तरावे लागते. काय करावे?
— एक स्काउटमास्टर

गोंधळ होणारच, आणि तो गृहीत धरूनच संघपद्धती आखलेली आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिले प्रायोगिक शिबिर घेतले, तेव्हा वीसएक मुलांचे चार संघ पाडले, प्रत्येक संघावर त्यातलाच एक मोठा मुलगा नायक नेमला आणि संघाच्या वागणुकीची पूर्ण जबाबदारी त्याच्यावर टाकली. मुले जबाबदार झाली की मग त्यांना जबाबदारी देऊ, असा क्रम तिथे नव्हता.

तुमची संख्या योग्य आहे. संघात सहा ते आठ मुले असावीत. चारवर आली की दोन गैरहजेरीत संघ मोडतो, नऊच्या पुढे गेली की एक पोरगा सगळ्यांवर लक्ष ठेवू शकत नाही. अडचण बहुधा वेळापत्रकात आहे. दीड तासाच्या सभेत संघांना स्वतःचा वेळ किती मिळतो, हे घड्याळ लावून पाहा. पाच-सात मिनिटेच मिळत असतील, तर नायकाला नायक होण्याची संधीच मिळत नाही. ध्वज आणि सूचनांना १० मिनिटे, खेळाला २०, संपूर्ण पथकाच्या कामाला २०, समारोपाला १० आणि मधली सलग ३० मिनिटे संघाची, अशी मांडणी करून पाहा. त्या अर्ध्या तासात मोठ्या माणसांनी नजरेच्या टप्प्यात पण कानाच्या टप्प्याबाहेर राहावे.

दुसरी मेख म्हणजे संघनायकाला जे शिकवायचे आहे, ते त्याला स्वतःला सभेच्या आधी आलेले नसते. पुढच्या आठवड्यात चौकोनी बांधणी (एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन काठ्या दोराने बांधणे) शिकवायची असेल, तर या आठवड्यात चारही नायकांना अर्धा तास थांबवा. उभ्या काठीवर क्लोव्ह हिच ही गाठ, मग दोन्ही काठ्यांभोवती तीन घट्ट वेढे, मग काठ्यांच्या मधून दोन आडवे फास वेढे आणि शेवटी पुन्हा क्लोव्ह हिच. मुले चुकतात ती बहुतेक त्या आडव्या वेढ्यांत. तिथे दोर ओढून घेतला नाही की बांधणी वरून नेटकी दिसते आणि भार पडताच काठ्या कात्रीसारख्या फिरतात. नायकाला ही चूक स्वतःच्या हातांनी एकदा करू द्या, काठी फिरताना पाहू द्या. पुढच्या आठवड्यात त्याच्या संघातल्या मुलाची बांधणी सैल झाली, तर तो नेमक्या जागी बोट ठेवेल. तुम्ही लांबून पाहत असताना सैल वेढा दिसला, तरी हात पुढे करू नका. संघाने तिपाई उभी केली की तिच्यावर कुणी बसण्याआधी ‘हाताने दाबून पाहा’ एवढेच म्हणा.

कामे एकदम सगळी देऊ नका. पहिल्या महिन्यात हजेरी आणि संघाची साहित्यपेटी. दुसऱ्यात संघाच्या अर्ध्या तासाचा कार्यक्रम. तिसऱ्यात एका दिवसाच्या सहलीचे नियोजन. शिबिरात स्वयंपाकाची यादी, खरेदी आणि चूल. एकदा दिलेले काम परत घ्यायचे नाही, ही अट स्वतःला घाला. पहिल्या फजितीनंतर मोठ्यांनी काम हाती घेतले की मुले एक गोष्ट पक्की शिकतात: थोडा वेळ गोंधळ घातला की सर येऊन करतात. मध्ये पडायचे ते तीन प्रसंगी. कुणाला इजा होण्याची शक्यता असेल, कुणाचा अपमान चालू असेल किंवा दुसऱ्याच्या वस्तूची नासधूस होत असेल. जेवण तासभर उशिरा शिजले, तंबू वाकडा उभा राहिला, सहलीच्या यादीत माचिस राहून गेली, या कारणांनी मध्ये पडू नये.

नायक कसा निवडावा हे तुम्ही विचारलेले नाही, पण मूळ तिथेच असू शकते. सर्वांत हुशार किंवा सर्वांत उंच मुलगा नेमण्यापेक्षा संघातल्या मुलांना चिठ्ठीने मत देऊ द्या, निकालाआधी तुमचे मतही त्यांना सांगा, आणि मुदत सहा महिने ते एक वर्ष ठेवा. उपसंघनायक मात्र नायकाने स्वतः निवडावा. महिन्यातून एकदा नायकांची पाऊण तासाची बैठक घ्या. तिचे अध्यक्षपद ज्येष्ठ नायकाकडे द्या आणि तुम्ही सगळ्यांत शेवटी बोला. आधी बोललात, तर बाकीचे चौघे तुमचेच वाक्य फिरवून म्हणतील.

आमच्या मानसभेने (पथकाच्या शिस्तीचे प्रश्न हाताळणाऱ्या संघनायकांच्या बैठकीने) सतत उशिरा येणाऱ्या एका मुलाला शंभर उठाबशांची शिक्षा दिली. त्याचे पालक चिडले आहेत. निर्णय मुलांनीच घेतलेला होता, मग आम्ही मोठ्यांनी त्यात पडायला हवे होते का?
— दोन सहायक स्काउटमास्टर

पडायला हवे होते, आणि निर्णय झाल्यावर नव्हे, तर तोंडातून निघाला त्याच क्षणी. मानसभेत संघनायक बसतात आणि स्काउटमास्टर सल्लागार असतो. सामान्य बाबतीत त्याने मत देऊ नये. पण मुलांच्या अंगाला किंवा मनाला इजा करणारा निर्णय रोखण्याचा अधिकार त्याचाच आहे आणि ते त्याचे कर्तव्यही आहे. पालकांकडे जाऊन पथकाच्या वतीने चूक मान्य करा. ‘मुलांनीच ठरवले’ ही सबब पुढे करू नका.

उठाबशा, मैदानाला फेऱ्या, उन्हात उभे करणे, जेवण किंवा झोप तोडणे, स्कार्फ काढून घेणे, सगळ्यांसमोर माफी मागायला लावणे, एकाच्या चुकीसाठी अख्ख्या संघाला शिक्षा करणे: यातले काहीही मानसभेच्या हातात नसावे. शारीरिक शिक्षेत उघड धोका आहेच. थकलेल्या, पाणी न प्यायलेल्या मुलाला भोवळ येऊ शकते, आणि त्याला दमा आहे की नाही हे चौदा वर्षांच्या नायकाला ठाऊक नसते. पण त्याहून वाईट म्हणजे शिक्षा ठरवणारे आणि भोगणारे यांच्यात दोन-तीन वर्षांचेच अंतर असते. एकदा हे सुरू झाले की कठोर शिक्षा सुचवणारा नायक भारी ठरतो.

मानसभा नीट चालवायची पद्धत अशी. तक्रार काय आहे ती एका वाक्यात लिहा. ज्याच्याबद्दल आहे त्याला किमान एक दिवस आधी सांगा आणि हवा असलेला एक मित्र बरोबर आणू द्या. आधी त्याचे पूर्ण ऐकून घ्या, मग प्रश्न विचारा. तो बाहेर गेल्यावर तीन गोष्टींवर बोला: नुकसान कुणाचे झाले, ते कसे भरून निघेल, पुन्हा होऊ नये म्हणून कुणी काय करायचे. निर्णय त्याला बोलावून तोंडी सांगा आणि मानसभेच्या वहीत दोन ओळींत नोंदवा. त्या खोलीतली चर्चा बाहेर न्यायची नाही, हे प्रत्येक वेळी म्हणून घ्या. दरवेळी म्हटल्याशिवाय ते मुलांच्या लक्षात राहत नाही.

भरपाई कामाच्या स्वरूपात असली की ती कळते. समजा, शिबिरात एकाने दुसऱ्या संघाचा तंबू चाकूने फाडला. पालकांकडून पैसे घेणे म्हणजे शिक्षा पालकांना. त्या मुलाने साहित्यप्रमुखाबरोबर बसून ठिगळ लावावे, दोन्ही बाजूंनी शिवण घालावी, शिवणीवर जलरोधक लेप द्यावा, आणि पाणी ओतून गळत नाही हे त्या संघाला दाखवावे. चाकू मात्र लगेच काढून घ्यावा आणि वापराचे नियम पुन्हा शिकून दाखवेपर्यंत देऊ नये.

तुमच्या उशिरा येणाऱ्या मुलाबाबत मानसभेने एक प्रश्न विचारला असता तर बरे झाले असते: त्याला सभेला कोण आणते? दहा-बारा वर्षांच्या मुलाचा उशीर बहुतेक वेळा मोठ्यांच्या सोयीचा असतो. तसे असेल, तर तो मुद्दा मानसभेचा नव्हेच. स्काउटमास्टरने पालकांशी बोलायचा आहे.

आमच्या गाईड कंपनीसाठी (मुलींच्या पथकासाठी) आचारसंहिता लिहायला घेतली आणि ती ३४ कलमांची झाली. मुली वाचत नाहीत. कमी कशी करू?
— एक गाईड कॅप्टन

कमी करत बसू नका, बाजूला ठेवा. मुलींच्या प्रतिज्ञेत आणि नियमांत मूल्ये आलेली आहेतच. १९०८ मध्ये स्काउट नियम नऊ होते, दहावा १९११ मध्ये आला. इतक्या वर्षांत यादी फारशी फुगली नाही, यातच काय ते आले. तुम्हाला हवा आहे तो रोजच्या वागण्याचा करार, आणि तो मुलींनीच लिहिला पाहिजे.

त्यासाठी एक सभा पुरते. प्रत्येक संघाला कागद द्या आणि तीन प्रश्न विचारा: इथे काय झाले की यायला नको वाटते? काय झाले की यावेसे वाटते? कुणी चुकली तर तिच्याशी कसे बोलावे? १५ मिनिटांनी संघनायिकांनी वाचून दाखवावे आणि सारखे मुद्दे एकत्र करावेत. पाच ते सात ओळी झाल्या की थांबा. ‘आरडाओरडा करू नये’ ऐवजी ‘एक बोलत असताना बाकीच्या ऐकतात’ असे लिहा. करायची गोष्ट दिसते, न करायची फक्त टोचते. सगळ्यांनी सही करावी, आणि पहिली सही तुमची. मुलींनी मोठ्यांसाठी लिहिलेल्या ओळी, उदाहरणार्थ ‘ताई फोनवर बोलत सभा घेत नाहीत’, गाळायच्या नाहीत. करार दरवर्षी नव्याने करा, नाहीतर नव्या मुलींना तो दुसऱ्यांचा वाटतो.

मोबाईलचा प्रश्न बहुतेक पत्रांत आहे, तुमच्याही. सरसकट बंदी घातली की फोन पिशवीच्या तळाशी जातो आणि रात्री तंबूत बाहेर येतो. फोन कुठे आणि कधी वापरायचा ते ठरवा: संध्याकाळी २० मिनिटे, स्वयंपाकाच्या जागी, सगळ्यांच्या देखत, रात्री सगळे फोन एका पेटीत, पेटी मोठ्यांच्या तंबूत. झोपण्याच्या, आंघोळीच्या आणि कपडे बदलण्याच्या जागी कॅमेरा कधीही नाही, आणि हे मोठ्यांनाही लागू. या एका ओळीवर मतदान घेऊ नका.

माझी मुलगी १४ वर्षांची आहे. पथकातले एक स्वयंसेवक तिला रात्री उशिरा खासगी संदेश पाठवतात. विषय प्रावीण्य बॅजचा असतो, पण ‘तू बाकीच्यांपेक्षा समजूतदार आहेस’, ‘हे आपल्यातच ठेव’ असेही लिहितात. ते सर्वांचे लाडके आहेत. मी उगाच संशय घेते आहे का?
— एक आई

नाही. काय घडते आहे हे तुम्हाला सिद्ध करायचे नाही. प्रौढ स्वयंसेवकाने अल्पवयीन मुलीशी रात्री खासगीत बोलणे आणि ते लपवायला सांगणे, एवढेच नियमभंग ठरायला पुरेसे आहे, मग हेतू काहीही असो. वेगळे कौतुक, एकान्त आणि गुपित या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की वाट पाहू नये. माणूस लाडका आहे, यावरून काहीच ठरत नाही. ज्यांना मुलांपर्यंत पोचायचे असते ते आधी मोठ्यांचा विश्वास मिळवतात.

मुलीचा फोन काढून घेऊ नका आणि तिला दटावू नका. पालक घाबरून हेच आधी करतात, आणि मग मुलगी पुढचे काही सांगत नाही. ‘तू सांगितलेस ते बरे केलेस, तुझी चूक नाही’ एवढे म्हणा. संदेश पुसू नका. नाव किंवा क्रमांक, तारीख आणि वेळ दिसेल अशी पडद्याची चित्रे काढून ठेवा, मूळ संदेश फोनवर राहू द्या. मुलगी आपणहून जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहा आणि खाली तारीख टाका. खोदून खोदून विचारू नका. त्या स्वयंसेवकाला फोन करून जाब विचारू नका. तो सावध होईल, संदेश पुसेल आणि मुलीवरच दबाव आणेल.

मग त्याच दिवशी संघटनेत बालसुरक्षेसाठी नेमलेल्या व्यक्तीला लेखी कळवा. अशी व्यक्ती नसेल किंवा ती त्यांच्या जवळची असेल, तर पथक ओलांडून थेट वरच्या कार्यालयात जा. संदेशांत लैंगिक काही असेल, फोटो मागितला असेल, एकट्याने भेटायला बोलावले असेल किंवा स्पर्श झाला असेल, तर आधी पोलीस किंवा बालसंरक्षण यंत्रणा. त्यासाठी संघटनेची परवानगी लागत नाही, आणि ‘आधी आपण आत बोलून घेऊ’ म्हणणाऱ्या कुणाचेही ऐकू नका.

संघटनेने काय करायला हवे, तेही सांगतो, म्हणजे तुम्हाला मागता येईल. तक्रार आली त्या दिवसापासून त्या व्यक्तीचा मुलांशी संपर्क थांबला पाहिजे. हा दोषाचा निकाल नव्हे. चौकशी होईपर्यंतची खबरदारी. पथकातल्या लोकांनी स्वतः तपास करू नये, मुलीला समितीपुढे उभे करू नये, दोघांना समोरासमोर आणू नये. जागतिक स्काउट परिषदेने २००२ मध्ये ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीत मुलांना इजेपासून सुरक्षित ठेवण्याचा ठराव केला आणि २०१६ मध्ये जागतिक स्काउट संघटनेने त्यावर स्वतंत्र धोरण आणले. हे काम राहून गेलेल्या संघटनेला पालक म्हणून त्याची आठवण करून देण्याचा हक्क तुम्हाला आहे.

संदेशांचा नियम प्रत्येक पथकाने लिहून ठेवावा: मुलांशी लेखी बोलणे फक्त अशा गटात, जिथे आणखी एक प्रौढ आणि पालक आहेत; रात्री आठनंतर नाही; आपोआप पुसले जाणारे संदेश कधीही नाहीत. मुलाने आपणहून खासगी संदेश पाठवला तर उत्तर गटात द्यावे.

एखाद्या मुलाने मला एकट्याला गाठून ‘कुणाला सांगू नका, पण…’ अशी सुरुवात केली तर?
— एक कबमास्टर (कब म्हणजे स्काउटपेक्षा लहान मुलांच्या विभागाचे प्रमुख)

तिथेच सांगा: ‘ऐकतो, पण तुला मदत करायला आणखी एका माणसाला सांगावे लागले तर सांगेन.’ गुपिताचे वचन देऊन नंतर मोडण्यापेक्षा हे बरे. दार उघडे असलेल्या, बाकीच्यांना दिसेल अशा जागी बसा. ‘मग काय झाले?’ एवढेच विचारा. ‘त्यांनी तुला हात लावला का?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न पुढच्या तपासाला मारक ठरतात. चेहऱ्यावर धक्का दिसू देऊ नका. तासाभरात त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा आणि त्याच दिवशी नेमलेल्या व्यक्तीकडे द्या. पत्नीला, मित्राला किंवा दुसऱ्या स्काउटमास्टरला सांगू नका.

मुलांबरोबर नेहमी किमान दोन प्रौढ असावेत, हा नियम आम्हाला मान्य आहे, पण ऐन वेळी एक जण येत नाही. सभा रद्द करायची का? आणि किती मुलांमागे किती प्रौढ?
— पथक समितीचे सदस्य

सहल असेल तर रद्द. सभा असेल तर एखाद्या पालकाला थांबवा. आधीच पडताळणी झालेल्या चार-पाच पालकांची यादी दारामागे लावलेली असली की हा प्रश्न वर्षातून एखाद्याच वेळी उरतो. दुसरा प्रौढ आहे पण स्वयंपाकघरात किंवा गाडीत बसलेला आहे, तो मोजायचा नाही.

प्रमाण प्रत्येक संघटनेचे वेगळे असते, तुमच्या नियमावलीतले पाळा. तुलनेसाठी: ब्रिटनच्या स्काउट संघटनेत बाहेरच्या उपक्रमांना सहा ते आठ वर्षांच्या सहा मुलांमागे एक प्रौढ, कबच्या आठ मुलांमागे एक आणि स्काउटच्या बारा मुलांमागे एक, आणि प्रमुख व्यक्ती या मोजणीच्या बाहेर. हे प्रमाण किमान आहे. पाणी, उंची, आग किंवा रात्र असेल तर वाढवा. प्रमुखाला मोजणीबाहेर ठेवण्याचे कारण व्यवहारी आहे: एका मुलाचा पाय मुरगळला की एक प्रौढ त्याच्याबरोबर दवाखान्यात जातो, आणि उरलेल्यांकडे कोण पाहते, हा हिशेब त्या क्षणी करायची वेळ येऊ नये.

प्रौढांनी मुलांच्या तंबूत झोपू नये. गाडीत एकट्या मुलाला एकट्या प्रौढाने नेऊ नये. नाइलाज असेल तर पालकांना निघताना आणि पोचल्यावर कळवावे आणि मुलाला मागे बसवावे.

पहिल्या शिबिरात जुनी मुले नव्यांची ‘दीक्षा’ घेतात: रात्री उठवतात, तोंडाला काहीतरी फासतात, गाणे म्हणायला लावतात. सगळे हसतात, नवी मुलेही. ही परंपरा मोडावी का?
— एक रोव्हर (स्काउटमधल्या तरुणांच्या विभागातला सदस्य)

मोडावी. हसणारे मूल घाबरलेलेही असू शकते. सगळ्यांनी घेरलेले असताना ते दुसरे काय करणार? अशा खेळाची दरवर्षी एक पायरी चढते, कारण प्रत्येक तुकडीला आपल्यापेक्षा पुढच्यांना थोडे जास्त सोसायला लावावेसे वाटते.

नुसती बंदी केली तर ती तंबूत लपून चालू राहते, कारण जुन्या मुलांना नव्यांना आपल्यात घेण्याचा काहीतरी सोहळा हवा असतो, आणि ही गरज खरी आहे. म्हणून दुसरा सोहळा द्या. खरा दीक्षाविधी शेकोटीपाशी, नीट तयारी करून घ्या: संघनायक नव्या मुलाला पुढे आणतो, प्रतिज्ञेचा अर्थ आपल्या शब्दांत सांगतो, स्कार्फ त्याच संघातला मुलगा घालतो आणि संघातला प्रत्येक जण डाव्या हाताने हस्तांदोलन करतो. नव्या मुलाला संघाच्या वहीत पहिली नोंद लिहू द्या. शिबिराआधी तीन आठवडे नायकांच्या बैठकीत हे ठरवा आणि त्या रात्रीची जबाबदारी तुमच्यासारख्या, या प्रथेतून गेलेल्या रोव्हरकडे द्या. दिवे मालवल्यानंतरचा पहिला तास धोक्याचा असतो. तेव्हा दोन प्रौढांनी एकत्र फेरी मारावी.

माझा मुलगा मी चालवतो त्याच पथकात आहे. त्याला दुसऱ्या पथकात घालावे का?
— एक स्काउटमास्टर

गरज नाही, पण त्याच्या बॅजची चाचणी, त्याची तक्रार आणि त्याच्यावरची तक्रार दुसऱ्या प्रौढाकडे जाईल, हे लेखी ठरवा. त्याचे नाव मानसभेत आले की तुम्ही उठून बाहेर जा. आणि त्याच्यावर इतरांपेक्षा जास्त कडक होऊ नका. न्यायी दिसण्याच्या नादात बहुतेक पालक हीच चूक करतात, आणि मग मूल पथक सोडते.

आमचे प्रमुख अनेक वर्षे पथक चालवत आहेत. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण नव्यांना काही करू देत नाहीत, प्रशिक्षण टाळतात, आणि आता मुलांवर ओरडतात. त्यांना दुखावल्याशिवाय बदल कसा करावा?
— तीन स्वयंसेवक, एकत्र पत्र

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. ओरडणे हा मुलांच्या वागणुकीच्या नियमांचा भंग आहे. त्याबद्दल याच आठवड्यात बोलायचे. कारभार न सोडणे हा नेमणुकीचा प्रश्न आहे. त्याला काही महिने लागतील. दोन्ही एकाच बैठकीत काढलीत, तर त्यांना ओरडण्याचा मुद्दा निमित्तच वाटेल.

पहिल्यासाठी एकाने, एकान्तात, प्रसंग सांगून बोलावे: ‘शनिवारी तुम्ही त्या मुलाला सगळ्यांसमोर मूर्ख म्हणालात. तो दोन सभा आला नाही. हे पुन्हा होऊ नये.’ ‘तुम्ही नेहमी चिडता’ या वाक्याला काहीही उत्तर देता येते, प्रसंगाला देता येत नाही. पुन्हा घडले तर तारखेसह स्काउट संघटनेच्या जिल्हा आयुक्तांना लेखी कळवा.

दुसऱ्याचे मूळ असे की त्यांची नेमणूक कधी संपतच नाही. १९९३ मध्ये बँकॉकच्या जागतिक परिषदेने स्काउटिंगमधल्या प्रौढांविषयीचे धोरण स्वीकारले. त्यातला उपयोगी भाग हा की स्वयंसेवकाची नेमणूक ठरावीक मुदतीची असावी, काम दोन्ही बाजूंनी लिहून मान्य केलेले असावे, आणि मुदत संपली की पुन्हा नेमणूक, दुसरे काम किंवा सन्मानाने निवृत्ती यांपैकी एक ठरवावे. समितीने हा नियम त्या एकट्यासाठी न करता सगळ्यांसाठी करावा, तुमच्यासाठीही. मुदत तीन वर्षांपर्यंत ठेवावी. करारात काम, आठवड्याचे तास, कोणते प्रशिक्षण कधीपर्यंत, खर्चाची भरपाई आणि कुणाला जबाबदार, एवढे असले की पान पुरते. सहा महिन्यांनी त्यावर अर्धा तास बोलावे.

दुसरे काम देताना ते खरे असावे. ‘मार्गदर्शक’ असे नुसते पद दिले की माणूस दर शनिवारी मैदानावर येऊन पहिल्यासारखाच उभा राहतो. शिबिरांच्या जागांची पाहणी, नव्या नायकांचे वर्षातले दोन प्रशिक्षण-दिवस, साहित्याची दुरुस्ती, असे काहीतरी द्या, जे त्यांच्याइतके कुणाला येत नाही आणि जे सभेच्या वेळेबाहेर होते.

हस्तांतर एकाच दिवशी, दोघांच्या सह्यांनी करा. मुलांची यादी आणि पालकांचे क्रमांक, आरोग्याचे अर्ज, संमतिपत्रे, मानसभेची वही, साहित्याची नोंदवही प्रत्यक्ष मोजणीसह, कोठीच्या किल्ल्या, बँकेतल्या सह्यांचा बदल, ई-मेल आणि संदेश-गटांची सूत्रे. शेवटच्या दोन गोष्टी हमखास राहतात: जुने प्रमुख गटाचे चालक असतात, पालक त्यांनाच विचारतात आणि नवा माणूस नावापुरता उरतो. बँकेत कुठल्याही पैसे काढण्याला दोन सह्या असाव्यात आणि त्या दोन व्यक्ती एकाच घरातल्या नसाव्यात. खाते कुणाच्याही वैयक्तिक नावावर असेल, तर बाकी सगळे थांबवून आधी ते बदला.